भाताला पाच बेटांवर काय म्हणतात

साखरशेतच्या वरच्या पाड्याबाहेर सागाच्या फळ्या रोवलेल्या आहेत. गेलेल्या माणसांच्या. प्रत्येक फळीवर वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. डावीकडून चौथी फळी फागूची. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा फागू माझ्या शेजारी उभा होता.

“घोडा बरा काढलाय,” तो म्हणाला. “मी कधी बसलो नाय घोड्यावर.”



मी १९१३ साली जव्हारला आलो. संस्थानच्या शाळेत इंग्रजी आणि मराठी शिकवायला. वय तेवीस. बी.ए. नुकताच झालो होतो. भाड्याची खोली मिळाली, पण बाज नव्हती. बाजारात कुणी सांगितलं, तो खोकणारा म्हातारा चांगली विणतो. म्हातारा म्हणजे चाळिशीचा माणूस निघाला. केस पिकलेले, छाती आत गेलेली, हात मात्र फार मोठे. माझ्या ओसरीवर बसून तो सुंभ ओढत होता. त्याच्या गाठी इथल्या नव्हत्या. मी विचारलं तर म्हणाला, “जहाजाच्या आहेत. तुम्हाला खाली पडून देणार नाय.”

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतो. सवय होती. ब्रह्मदेशातल्या पिकाची बातमी होती. तिच्यात ‘पॅडी’ हा शब्द आला. फागूचे हात थांबले.

“गुरुजी, हा शब्द तुमच्याकडं कसा आला?”

“इंग्रजी आहे.”

“नाय. सिंगापूरचा हाय. पादी. शेतातल्या भाताला म्हनतात.”

मी कोश काढला. फागूचं बरोबर होतं. इंग्रजांनी तो शब्द मलायातून उचलला होता. मी तीन वर्षं इंग्रजी वाङ्मय शिकलो होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं.

“जावा बेटावर पारी,” तो पुन्हा सुंभ ओढत म्हणाला. “मनिलाला पालाय. माकासारला पारे. आणि पार तिकडं, आफ्रिकेच्या अंगाला, मादागास्करला, वारि. शेवटचा ‘इ’ गिळून टाकतात.”

“तुला हे कुणी सांगितलं?”

“कोन सांगनार? भुकेला मानूस बंदरात उतरला की पहिला शब्द कोनता शिकंल?”

अशी आमची ओळख झाली. पुढं तो रोज संध्याकाळी यायचा. विणायला काही नसलं तरी यायचा. त्याचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं.

लग्नाला वर्ष झालं होतं. बायको सूर्यमाळकडची, रामी. त्या साली तो लाकडाच्या गाड्यांबरोबर डहाणूला गेला. तिथून कुणाच्या तरी सोबतीनं मुंबईला. गोदीत कोळसा वाहायचा म्हणून चढला आणि जहाज सुटलं. आधी कोळसेवाला, मग आगवाला. जहाजाच्या पोटात भट्टीपुढं चौदा वर्षं. निरोप पाठवायचा तर कुणाकडून? पाड्यात वाचणारं कुणी नव्हतं, लिहिता त्याला येत नव्हतं. त्याला वाटायचं, पुढच्या फेरीत उतरू. दर फेरीत वाटायचं.

इकडं सहा वर्षं वाट पाहिली. मग भगतानं सुपात दाणे पाहिले. दाणे म्हणाले, गेला. गवताचा माणूस करून पुरला, दिवस घातले, फळी रोवली. रीतीप्रमाणं रामी धाकट्या दिराकडं, सोम्याकडं, राहिली. पुढं आठ वर्षांनी फागू डोंगर चढून वर आला.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय. सोम्या मिठी मारून रडला. बाकीचे लांब उभे. एकजन म्हनला, भूत हाय. दुसरा म्हनला, भूत इतकं खोकत नाय. सगळे हसले. मी पन हसलो. मंग जेवायची वेळ आली. माझं पान दाराबाहेर मांडलं. मेलेल्याचं मांडतात तसं.”

“तू काय केलंस?”

“जेवलो. भूक लागली होती.”

तेव्हापासून तो जव्हारला राहत होता. पाड्यानं त्याला हाकललं नव्हतं. पण ज्याचे दिवस घातले त्याला पंगतीत जागा नाही, शेतात वाटा नाही, नवं भात आलं की घरात बसून ते खाता येत नाही. त्याला वाट्याचं काही वाटत नव्हतं. रामीबद्दल तो कधी तक्रारीनं बोलला नाही. त्याची काळजी एकच होती, आणि ती त्यानं मला अगदी साधेपणानं सांगितली.

“छाती भरलीय कोळशानं. दोन पावसाळे काढीन, तीन काढीन. मंग मला पुरनार कोन? एकदा पुरलेल्याला पुन्हा पुरत नाय. मला जितं म्हनलं पायजे पंचांनी. एकदा घरात बसून नवं खाल्लं की झालं. मंग मेलो तरी बरं.”

मला तेव्हा त्या शब्दाचं वेड लागलं होतं. मुंबईच्या माझ्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक पाठवलं. त्याच्या शेवटी समुद्रापारच्या तीसेक बेटांच्या भाषांतले शब्द शेजारी शेजारी छापले होते. मी बोट फिरवत गेलो. पादी, पारी, पालाय, पारे, वारि. फागूनं सांगितलेले पाचही होते. सोबत टीप होती. या सगळ्या बेटांवरचे लोक एकाच जुन्या भाषेतून फुटले. होड्यांतून बेटामागून बेट गाठत गेले, मादागास्करपर्यंत. कुठून निघाले ते कुणी ठामपणे सांगत नाही. जाता जाता मधलं अक्षर कुठं द झालं, कुठं र, कुठं ल. पण मनाला येईल तसं नाही. नियमानं.

मी फागूला हे समजावलं. तो ऐकत राहिला.

“शब्द बाईनं नेला असंल,” तो म्हणाला.

“का?”

“होडी गडी वल्हवंल. पन बियाण्याची पुरचुंडी कमरेला बाईच बांधते. बियाणं जिकडं गेलं तिकडं त्याचं नाव गेलं.”

त्यानं आणखीही सांगितलं. मलायात शेतातल्या भाताला एक शब्द, कांडलेल्या तांदळाला दुसरा, शिजलेल्याला तिसरा. मादागास्करला मात्र तिन्ही एकच, वारि. आपण मधे कुठं तरी आहोत. शेतातलंही भात, पानातलाही भात, तांदूळ तेवढा वेगळा. जावा बेटावर बायका विळा वापरत नाहीत. बोटांच्या बेचक्यात मावेल एवढी पाती तळहातात लपवतात आणि एकेक कणीस खुडतात. विळा दिसला तर भाताचा जीव घाबरून निघून जाईल म्हणून.

“तठं मला घरची लय आठवन आली,” तो म्हणाला. “आपली मानसं पन कनसरीला असंच जपतात.”

कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिचं नाव घेताना तो सुंभ खाली ठेवी.

मी हे सगळं उतरवून घेत होतो. एका मासिकासाठी लेख लिहायचा होता. मग एक दिवस मला वाटलं, हा पुरावाच आहे. फागू मेला नव्हता, जहाजावर होता, हे पंचांना कसं दाखवायचं? पाड्यातून कधी खाली न उतरलेल्या माणसाला माकासारचा शब्द ठाऊक असणार नाही. पुस्तकात तो छापलेला आहे. दोन्ही जुळले की संपलं.

हा खटाटोप माझा होता. फागूला घाई नव्हती. “बघा,” तो म्हणाला. एवढंच.

मी साखरशेतला दोनदा चालत गेलो. पांड्या भगत हा पाड्यातला मोठा माणूस. दाणे त्यानंच पाहिले होते. सत्तरीचा, एका डोळ्यानं अधू, बोलायला मिस्कील. मी पुस्तक दाखवलं. त्यानं ते उघडून वास घेतला.

“याच्यात फागूचं नाव हाय?”

“नाव नाही. तो सांगतो ते शब्द आहेत.”

“मंग त्याचं कसं म्हनता?”

मी समजावलं. त्यानं बराच वेळ विचार केला. शेवटी त्याला ते पटलं. मला वाटतं, त्याला गंमतही वाटली. ठरलं असं: कापणी झाली की पंच बसतील. मी पुस्तक उघडीन. फागू पाठमोरा बसेल. मी बेटाचं नाव घेईन, तो शब्द सांगेल, मग मी पुस्तकातला वाचीन. जुळले तर तो समुद्रापार होता, मेला नव्हता. त्याच दिवशी नवं खायचं होतं. जुळलं तर त्याचं पान आत मांडायचं.

“आणि नाय जुळलं तर?” पांड्यानं विचारलं.

“जुळणार,” मी म्हणालो.

“मास्तर, तुम्ही दाने टाकायच्या आधीच बोलता,” तो म्हणाला, आणि सगळे हसले.

१९१४ च्या कार्तिकात आम्ही दोघं पहाटे निघालो. फागू वाटेत चार ठिकाणी बसला. पाड्याबाहेर पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. आधी दोनदा त्या फळ्यांजवळून गेलो होतो, पण फागूची फळी पाहिली ती तेव्हाच. खाली झिऱ्यावर त्याला पाणी प्यायचं होतं. झिऱ्यावर रामी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. हडकुळी बाई, डोईवर हंडा. तिनं हंडा खाली ठेवला. मी बाजूला सरलो, पण ऐकू येत होतं.

“आलास,” ती म्हणाली.

“आलो.”

“खोकला लय झालाय.”

“हां.”

मग ती म्हणाली, “फागी तापते. तू आल्यापासून दर पावसाळ्यात.”

फागी ही रामीची आणि सोम्याची मुलगी. नऊ वर्षांची. दिवस घातल्यानंतर जन्मलेली. तिला आपलं नाव दिलंय एवढं फागूला ठाऊक होतं. आठवण म्हणून दिलं असेल, असं त्याला वाटलं होतं. मलाही.

“ती दूध पीत नव्हती,” रामी म्हणाली. “जन्मली तशी चार दिवस. पांडूबाबानं दाने बघितले. तुझं नाव घेतलं तवा दाने जोडीनं पडले. नाव ठेवलं आणि लगेच प्याली. सगळ्यांनी बघितलं. तूच आलास म्हनून मी किती…” ती थांबली. “मंग तू खालून चालत आलास.”

फागू ओंजळीतलं पाणी तसंच धरून उभा होता.

“आज तू जिता झालास तर नाव तुझं. तिचं काढून घेतील. मंग ती कोन? तिच्यात काय ऱ्हायलं?” तिचा आवाज चढला नव्हता. ती फार दमलेली वाटत होती. “मी तुला काय सांगत नाय. मेला म्हनून तुझ्यासाठी रडले, खोटं नाय रडले. फक्त तुला ठावं पायजे.”

“पांड्यानं मला सांगितलं नाय.”

“तो म्हनतो, दाने सांगतील. दाने टाकायला माझ्याकडं दुसरी पोर नाय.”

फागूनं पाणी सोडून दिलं. हात धोतराला पुसले. “बरं,” तो म्हणाला.

रामीनं हंडा उचलला आणि ती गेली. मी जवळ आलो. ही समजूत आहे, मी म्हणालो. पोरीला हिवताप असेल. जव्हारला त्यावर कोयनेल मिळतं, आपण आणू. नावाचा आणि तापाचा संबंध नाही. मी बरंच बोललो.

“तुमचं खरं असंल, गुरुजी,” तो म्हणाला. “पन ती रात्रंदिस त्या पोरीकडं बघत बसंल. पोर पन आईकडं बघंल. अशी पोर जगत नाय.”

पंच सोम्याच्या अंगणात बसले होते. वीसेक माणसं. घरात नवा भात शिजत होता, त्याचा वास येत होता. सोम्या भावापेक्षा ठेंगणा, पण हात तसेच मोठे. त्यानं फागूला विडी दिली.

“मेलेला मानूस विडी ओढतो का रे?” मागून कुणी तरी म्हणालं.

“तुझा बा मेला तवा विडीच मागत होता,” दुसरा म्हणाला. अंगण हसलं.

दाराशी एक मुलगी उभी होती. केस तेल लावून चापून बसवलेले. फागूनं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग तो आमच्याकडं पाठ करून बसला.

मी पुस्तक उघडलं. मला अजून वाटत होतं, तो सांगेल.

“जावा बेटावर भाताला काय म्हणतात?”

त्यानं विडी जमिनीवर विझवली.

“फागू, जावा.”

“ठावं नाय.”

“मनिला?”

“ठावं नाय.”

माझ्या बोटाखाली शब्द होते. पालाय. त्याच्या तोंडून मी तो शंभर वेळा ऐकला होता.

“माकासार?” मी विचारलं.

“मास्तर, कशाला तरास घेता,” तो पाठमोराच म्हणाला. “मी कठं गेलो नाय. मी फागू नाय.”



“फागू माझ्यासंगं गोदीत होता,” तो म्हणाला. सावकाश, मधे मधे खोकत. “कोळसा वाहायचा. रोज घरचं सांगायचा. भावाचं, बायकोचं, झिऱ्याचं. मला सगळं पाठ झालं. मला घर नव्हतं. तो मेला तवा वाटलं, त्याच्या घरी जावं.”

“कवा मेला?” पांड्यानं विचारलं.

“मुंबईत पहिला पलेग आला, त्याच्या पाचव्या-सहाव्या साली.”

माणसं बोटांवर मोजू लागली. एक म्हणाला, “म्हंजे दिवस बरोबर घातले.” दुसरा म्हणाला, “पोर नंतरची.” कुणी तरी सुस्कारा सोडला. सोम्या जमिनीकडं पाहत होता. तो भाऊ होता. त्याला कुठल्याही पुस्तकाची गरज नव्हती. अंगणातल्या एकाही माणसाला नव्हती, हे मला तेव्हा कळलं. फागूच्या उजव्या भुवईत लहानपणी कोयत्यानं झालेला वण होता आणि तो कोयता कुणाचा होता हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं.

पांड्या उठला. फागूसमोर जाऊन बसला. आपल्या एका धड डोळ्यानं त्याच्याकडं बघत राहिला.

“नाव काय तुझं?”

“येसू.”

“कोनाचा?”

“कोनाचा नाय.”

“लांबून आलास?”

“लांबून.”

“मंग पाहुना हायेस,” पांड्या म्हणाला. त्याचा मिस्कीलपणा गेला होता. “पाहुना दाराबाहेर जेवत नाय. सोम्या, पान आत मांड.”

पाहुण्याचं पान पहिलं मांडतात. फागू घरात भिंतीशी बसला, ज्या भिंतीशी त्याचा बाप बसायचा. फागीनं वाढलं. नवा भात, वरून उडदाचं बेसन. त्यानं चार घास खाल्ले. जास्त जात नव्हतं. रामी चुलीपुढं होती. तिनं तोंड वळवलं नाही.

“काका, आनखी वाढू?” मुलीनं विचारलं.

“नको, पोरी. पोट भरलं.”

वाटेत मी त्याच्यावर संतापलो. इतके महिने, ते पुस्तक, इतकं सगळं. तो ऐकून घेत होता. उताराला लागल्यावर बसला. श्वास लागला होता.

“आता माझ्याशी तरी नीट बोल,” मी म्हणालो. “माकासारचा शब्द मला पुन्हा सांग.”

“मला कसा ठावं असंल?” तो म्हणाला. “पुस्तकात बघा.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. नंतरची तीन वर्षं तो माझ्या ओसरीवर येत राहिला. बाजा विणल्या, खोकला, हसला, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. जहाजाचा शब्द एकदाही काढला नाही. फागू म्हणून हाक मारली तर वळत नसे. बाजारानं येसू म्हणायला सुरुवात केली. मीही केली. एकदा मी फार मागं लागलो, लेख अर्धा पडलाय म्हणालो. तेव्हा त्यानं सुंभ खाली ठेवला.

“गुरुजी, हे अर्धं खोटं बोलून चालत नाय. तुमच्याजवळ खरं बोललो तर ते कधी तरी डोंगर चढून वर जाईल.”

लेख मी पाठवला नाही. आता फागी दोन मुलांची आई आहे, आणि पांड्या, रामी दोघंही नाहीत. आता लिहायला हरकत नसावी.

तो १९१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी गेला. माझ्या ओसरीवरच. मी खांदा द्यायला माणसं शोधत होतो तेवढ्यात सोम्या आला. कुणी निरोप दिला होता कोण जाणे. “लाकडं विकायला आलो होतो,” तो म्हणाला. त्याच्याजवळ लाकडं नव्हती. गावाबाहेर त्यानं एकट्यानं खड्डा खणला. मला कुदळ धरू दिली नाही.

मग आम्ही दोघं कचेरीत गेलो. मृत्यूची नोंद करायची होती. कारकुनानं टाक उचलला.

“मयताचं नाव?”

त्या कचेरीत माझ्या शब्दाला किंमत होती. मी संस्थानच्या शाळेतला मास्तर होतो. सोम्या माझ्याकडं पाहत होता.

“येसू,” मी म्हणालो.

“बापाचं नाव?”

“माहीत नाही.”

“गाव?”

मला पुढचं जमेना.

“लांबचा हाय,” सोम्या म्हणाला. “दर्यावरचा. आमच्यात एकदा जेवून गेला होता.”